बुधवारी कोणी चिडवलं नाही

फायनल संपली तेव्हा लुधियानात संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. आम्ही चार पॉइंटांनी जिंकलो होतो. पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, ओरडत होती. मी बेंचवर बसून बुटाची नाडी सोडत होतो. आमचे मॅनेजर आष्टनकर साहेब आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लांजेवार, जरा इकडे या."

ते मला स्टँडच्या मागे घेऊन गेले. तिथे पाण्याची सिमेंटची टाकी होती. आमचे कोच ढोक सर आधीच तिथे येऊन उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"घरून फोन आला होता," आष्टनकर साहेब म्हणाले.

मी वाकून सुटलेली नाडी बुटात खोचली.

"तुमची मुलगी. न्यूमोनिया झाला होता तिला. दवाखान्यात ठेवलं होतं." साहेब थांबले. "काल पहाटे गेली ती."

"काल?"

"काल. शुक्रवारी."

"आजारी कधीपासून होती?"

साहेबांनी ढोक सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पहिला फोन मंगळवारी संध्याकाळी आला. तुम्हाला बोलावलं होतं. निरोप मी ठेवून घेतला. सरांचा यात दोष नाही, मीच ठेवून घेतला. मला वाटलं लहान पोरगी आहे, होईल बरी. मला माफ करा, लांजेवार." एवढं बोलून ते रडायला लागले. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, ऑफिसात ज्याच्यासमोर खुर्चीत बसायची आमची हिंमत नव्हती, तो हात जोडून रडत होता.

मी टाकीला टेकून खाली बसलो. मागून उरकुडे पळत आला, त्यानं मला धरलं. मग सगळी टीमच आली. कोणी पाणी आणलं, कोणी माझ्या अंगावर शाल टाकली. एकटा फ्रान्सिस आला नाही. तो स्टँडच्या कोपऱ्यावर उभा राहून माझ्याकडे पाहत होता.

केतकी पाच महिन्यांची होती.

ही गोष्ट एक्याण्णव सालच्या डिसेंबरातली आहे. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. नागपूरला एका महामंडळात खेळाडूंच्या जागेवर लागलो होतो. नाव कारकुनाचं, काम बास्केटबॉल खेळायचं. सकाळी सरावाला मैदानावर, दुपारी सही करायला ऑफिसात, आणि वर्षातले चार महिने गावोगावच्या स्पर्धांत. नेमणूक दोन वर्षांची आणि तात्पुरती होती. दोन वर्षांत खेळ दाखवला तर कायम, नाही तर घरी. माझी दोन वर्षं मार्चमध्ये पुरी होणार होती.

आमच्या टीममध्ये एक पद्धत होती. स्पर्धेच्या गावी सगळ्यांचे फोन आणि तारा मॅनेजरकडे यायच्या. घरची वाईट बातमी आली तर ती खेळाडूला स्पर्धा संपल्यावर सांगायची, आधी नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण जुन्या लोकांपासून चालत आलेलं होतं. त्यात कोणाला वावगंही वाटत नव्हतं. माणूस घरी जाऊन तरी काय करणार, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

आदल्या वर्षी कानपूरला फ्रान्सिसचे वडील वारले. बातमी पहिल्याच दिवशी आली. फ्रान्सिस सोडून बाकी सगळ्यांना माहीत होतं. खोली माझी आणि त्याची एकच होती. तीन दिवस मी त्याच्याशी बोललो, त्याच्या बाजूच्या खाटेवर झोपलो. त्याला बादलीभर गरम पाणी आधी मिळायचं. नाश्त्याला त्याच्या ताटात जास्तीचं अंडं यायचं. त्याचा पास चुकला तरी कोणी शिवी द्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी तो हसून म्हणाला, "काय बे, मी काय नवरदेव आहो का? एवढी सेवा काहून करून राहिले सगळे?" आम्ही सगळे हसलो. मीपण हसलो.

परतीच्या गाडीत त्यानं मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "तुह्यावर अशी पाळी आली तर मी सांगीन. मी तुह्यासारखा नाही."

आता माझ्या हाताचं सांगतो.

मी बाहेरून बास्केट मारणारा खेळाडू. लांबून मारायचं, हेच माझं काम. त्या साली जुलैत पुण्याला एक मॅच होती. आम्ही एका पॉइंटानं मागे होतो. दोन सेकंद उरले असताना माझ्यावर फाउल झाला आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो म्हणजे पंधरा फुटांवरून निवांत उभं राहून मारायचा चेंडू, मध्ये कोणी आडवं येत नाही. शाळेतली पोरं मारतात. मी दोन्ही चुकवले. दुसरा तर रिंगलाही लागला नाही.

तिथून माझा हात गेला. दुखत नव्हता, काही झालेलं नव्हतं. सरावाला एकटा असलो की दहापैकी आठ आत जायचे. मॅचमध्ये समोर माणसं उभी राहिली की बोटं लाकडाची व्हायची. मग मी मारायचंच सोडलं. चेंडू आला की लगेच दुसऱ्याला देऊन टाकायचो.

उरकुडे आमच्यातला सगळ्यात बोलका. तो म्हणायचा, "लांज्या, बॉल गरम लागते काय बे तुले? हातात आला का फेकून देतं."

किंवा म्हणायचा, "भाऊ, रिंग वरतं आहे. खाली काय पाहून राहिला? पैसे पडले काय कोणाचे?"

त्याच्या बोलण्यावर सगळे हसायचे. मला राग यायचा, पण बरंही वाटायचं. चिडवत होते म्हणजे अजून मला आपल्यातला धरत होते.

ढोक सर हसायचे नाहीत. ऑक्टोबरात ते मला म्हणाले, "दिवाकर, मी तुला लुधियानाला नेतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही. मार्चमध्ये साहेब लोक मला तुझे आकडे विचारतील. मी काय सांगू?"

त्याच जुलैत केतकी झाली होती. पुण्याची मॅच झाली आणि आठ दिवसांनी ती झाली. माझी आई तेव्हा आमच्याकडे आली होती. माझा खेळ बिघडल्याचं तिच्या कानावर आलं तेव्हा ती चुलीपुढे बसून म्हणाली, "पोरीचा पायगुण बरा नाही दिसत." मॅच आधी झाली, पोरगी नंतर झाली, हे मला माहीत होतं. पण मी काही बोललो नाही. माझी बायको आतल्या खोलीत पोरीला पाजत होती. तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तिनं कधी विचारलं नाही.

माझ्या बायकोचं नाव बेबीनंदा. मी नंदा म्हणायचो. ती उमरेडची. बास्केटबॉल तिनं लग्नाआधी पाहिलासुद्धा नव्हता. पण लग्नानंतर ती रविवारी मैदानावर यायची आणि मी मारलेले चेंडू उचलून परत फेकायची. नोव्हेंबरात एकदा ती पोरीला शालीत गुंडाळून तिथे पायरीवर बसली होती. मी पन्नास चेंडू मारले. ती म्हणाली, "एक सांगू का? राग नका येऊ देऊ."

"सांग."

"तुम्ही चेंडू सोडता आन् लगेच मान खाली घालता. तो आत गेला का नाही, तुम्ही पाहतच नाही. पहिले असं नव्हते करत."

"मग?"

"मग काही नाही. चुकला तर चुकला. पण पाहा तरी."

लुधियानाला निघालो तेव्हा केतकीला खोकला होता. बारीक तापही होता. नंदा दोन दिवसांसाठी नागपुरातच तिच्या भावाकडे, मोरेश्वरकडे, जाणार होती. मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "डॉक्टरकडे नेशील ना?"

"नेते ना. तुम्ही जा. तिच्याकडे पाहायला मी आहो."

"फोन करायचा तर ऑफिसच्या नंबरवर कर. ते कळवतात."

"हो, माहीत आहे. या आता. गाडी चुकन."

सोमवारी पहिली मॅच झाली. मी सहा चेंडू मारले, एकही आत गेला नाही. मंगळवारी ढोक सरांनी मला फक्त पाच मिनिटं खेळवलं. त्यात मला दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही चुकले. खोलीवर परत येताना उरकुडे म्हणाला, "आता पुढच्या मॅचले लांज्याच्या हातात बॉलच्या जागी नारळ द्या. फोडन तरी." सगळे पोट धरून हसले. मी जेवलो नाही.

बुधवारी सकाळी उठलो तर उरकुडे माझ्यासाठी गरम पाण्याची बादली भरून उभा होता.

"हे घे," तो म्हणाला. "पहिले तू कर आंघोळ."

"काहून?"

"काहून म्हणजे? थंडी आहे ना."

मी आंघोळ केली. नाश्त्याला बसलो तर माझ्या ताटात दोन अंडी होती. बाकीच्यांच्या ताटात एक. मी ढोक सरांकडे पाहिलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. ते पंजाबी वर्तमानपत्र होतं.

मॅच अकराला होती. त्याआधी वॉर्म-अपला मी तीन चेंडू मारले, तिन्ही चुकले. मी उरकुडेकडे वळलो, आता तो काही बोलेल म्हणून. त्यानं खाली पाहिलं. म्हणाला, "चालते. होते असं."

तेव्हा मला समजलं.

काय झालं ते समजलं नाही, पण काहीतरी झालं आहे आणि ते माझ्या घरी झालं आहे, हे समजलं. कानपूरला मी स्वतः हे सगळं केलेलं होतं. बादली मीच भरली होती. अंडं माझ्याच ताटातलं फ्रान्सिसच्या ताटात गेलं होतं. मैदानाच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे पिवळ्या पाटीचं एसटीडीचं दुकान होतं. वॉर्म-अप करताना मला ते दिसत होतं. माझ्याकडे पैसे होते. मोरेश्वरच्या शेजाऱ्यांचा नंबर मला पाठ होता. मॅचला वीस मिनिटं होती.

मी मनात म्हणालो, मॅच झाल्यावर करू.

ढोक सरांनी मला पहिल्या पाचात घेतलं. चिडवणं बंद होतं तसंच मला बेंचवर बसवणंही बंद झालं होतं. पहिला चेंडू माझ्याकडे आला तो उजव्या कोपऱ्यात. मी मारला. तो हातातून सुटला तेव्हा मी त्याचा विचार करत नव्हतो. मी त्या पिवळ्या पाटीचा विचार करत होतो. चेंडू आत गेला. दुसराही गेला. पाच महिने मला चुकण्याची जी भीती वाटत होती ती जागेवर नव्हती, कारण त्या जागेवर दुसरी मोठी भीती येऊन बसली होती. त्या मॅचमध्ये मी सव्वीस पॉइंट केले. फ्री थ्रो सात मिळाले, सातही आत गेले. आम्ही जिंकलो.

मॅच संपल्यावर मी फाटकातून बाहेर आलो. रस्ता ओलांडला. दुकानात एक सरदारजी आणि त्याची म्हातारी आई बसली होती. फोनची काचेची खोली रिकामी होती. सरदारजीनं विचारलं, "कहाँ लगाना है, जी?" मी म्हणालो, "कहीं नहीं." आणि परत आलो.

दुपारी मी वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो. फ्रान्सिस आधीच तिथे होता. भिंतीला टेकून उन्हात बसला होता. मला पाहून उठला.

"लांजेवार."

"बोल."

"तुला काही विचारायचं आहे का मले?"

मी बनियान पिळलं. "नाही."

"विचार ना बे. तू नुसतं विचार. मी सांगतो. मी सांगीन म्हणलं होतं तुले."

"आज माझा हात लागला, फ्रान्सिस."

"पाहिलं मी."

"पाच महिन्यांनी लागला."

"पाहिलं ना."

"मग शनिवारपर्यंत राहू दे."

तो जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे तुले समजलं आहे."

"मला काही समजलं नाही. आन् तू मला काही सांगितलं नाही."

"दिवाकर, आज संध्याकाळच्या गाडीनं निघाला तर उद्या रात्री पोहोचतं तू. अजून वेळ आहे. एवढंच सांगतो, अजून वेळ आहे."

अजून वेळ आहे म्हणजे कोणीतरी अजून जिवंत होतं. म्हणजे ते माझे वडील नव्हते, त्यांना आधीच जाऊन चार वर्षं झाली होती. आईची प्रकृती ठणठणीत होती. खोकला कोणाला होता, ते मला माहीत होतं. त्या वेळी मला आईचं ते पायगुणाचं वाक्य आठवलं. हात कधी गेला आणि कधी परत आला, याचा हिशेब माझ्या मनात आपोआप झाला. तो झाला, हे मी इथे लिहून ठेवतो.

"शनिवारपर्यंत," मी म्हणालो.

फ्रान्सिस म्हणाला, "माह्या बापाच्या वेळी मले कोणी विचारलं असतं ना, तर मी पायी गेलो असतो बे."

मी बादली उचलली आणि खाली आलो.

गुरुवारी मी बावीस पॉइंट केले. शुक्रवारी सकाळी आष्टनकर साहेब नाश्त्याला आलेच नाहीत. मॅचच्या आधी ते माझ्याजवळ आले, माझ्या जर्सीची खांद्यावरची पट्टी उगाचच नीट केली आणि निघून गेले. त्यांचे डोळे लाल होते. अजून वेळ आहे असं आता कोणी म्हणणार नाही, हे मला त्यांच्या हातावरून समजलं. त्या दिवशी मी एकतीस पॉइंट केले. इतके मी त्याआधी कधी केले नव्हते, नंतरही नाहीत.

शनिवारी फायनल झाली आणि साहेबांनी मला टाकीमागे नेलं. पुढचं मी वर सांगितलंच आहे.

सोमवारी सकाळी मी मोरेश्वरच्या घरी पोहोचलो. नंदा आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती. तिच्या आईनं तिच्या छातीभोवती जुनं धोतर फाडून घट्ट बांधलं होतं. तरी ब्लाउज दुधानं ओला झाला होता. मी समोर बसलो.

ती म्हणाली, "कधी सांगितलं तुम्हाले?"

"फायनल झाल्यावर."

हे खरं होतं. साहेबांनी मला फायनल झाल्यावरच सांगितलं होतं.

"मोरेश्वरनं मंगळवारी फोन केला. त्याच्यासमोर ऑफिसातल्या माणसानं तिकडे लावला. निरोप दिला म्हणे. बुधवारी मी पुन्हा पाठवलं त्याले. गुरुवारी पुन्हा. कोण आहे तिथं फोन घेणारा?"

"मॅनेजर."

"नाव काय त्याचं?"

मी नाव सांगितलं. ते सांगताना मला थांबता आलं असतं.

"आष्टनकर," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "आष्टनकर." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही आले असते तर ती वाचली असती असं नाही म्हणत मी. डॉक्टर म्हणले, उशीर झाला होता. पण गुरुवारी दिवसभर मी तिले म्हणत होती, थांब, बाबा येऊन राहिले, थांब. मी तिच्याशी खोटं बोलली, हो."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला. म्हणाली, "तुमचा काय दोष? तुम्हाले सांगितलंच नाही कोणी."

त्या वेळी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही.

फेब्रुवारीत माझ्या कायम होण्याचा कागद निघाला. तो लवकर निघावा म्हणून आष्टनकर साहेबांनी तीन वेळा मुंबईला खेपा घातल्या, हे मला नंतर कळलं. कागद द्यायला ते स्वतः आमच्या घरी आले. बायकोला घेऊन आले होते. दार नंदानं उघडलं.

"मी आष्टनकर," ते म्हणाले. "ताई, मी तुमची माफी मागायला आलो."

नंदा दारातून हलली नाही. "तुम्हाले लेकरं आहेत?"

"आहेत. दोन."

"त्याहीच्यासाठी फोन आला असता, तर ठेवून घेतला असता तुम्ही?"

ते हात जोडून उभे राहिले. त्यांची बायको म्हणाली, "अहो, ते तेव्हापासून नीट झोपले नाहीत हो."

"मीबी नाही झोपली," नंदा म्हणाली. "या दाराच्या आत तुम्ही कधी पाय नका ठेवू. मी मेली तरी नका येऊ."

मी तिच्या मागे उभा होतो. साहेबांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तर नंदानं दार त्यांच्यासाठी उघडलं असतं आणि माझ्यासाठी बंद केलं असतं. मी फरशीकडे पाहत राहिलो. साहेबांनी कागदाचा लिफाफा उंबऱ्यावर ठेवला आणि ते दोघं जिना उतरून गेले.

फ्रान्सिस त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलला. वर्षभरात त्यानं बदली मागून घेतली आणि बिलासपूरला गेला. तिथेच वारला, असं दहा-बारा वर्षांपूर्वी उरकुडेनं सांगितलं. तो कोणाला काही बोलला नाही. बोलला असता तर माझ्यापर्यंत आलं असतं.

मी आणखी नऊ वर्षं खेळलो. हात पुन्हा गेला नाही. लोक म्हणायचे, एवढं दुःख पचवलं म्हणून पोरगा घट्ट झाला. एकदा एका वर्तमानपत्रात तसं छापूनही आलं. नंदानं ते कात्रण कपाटात कागदाखाली ठेवलं होतं.

नंतर आम्हाला मुलगा झाला. त्याला आम्ही बास्केटबॉल शिकवला नाही. संसार चांगला झाला, असंच म्हणावं लागेल. फक्त वर्षातून एकदा, डिसेंबरात, नंदा आष्टनकरांचं नाव घ्यायची. मोठ्यानं नाही. भाजी चिरताना, कपडे घडी करताना. "त्याचं भलं नाही होणार," म्हणायची. त्यांचा थोरला मुलगा अपघातात गेला, ही बातमी आली तेव्हा ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "माह्या बोलण्यानं झालं काय हो हे?"

मी म्हणालो, "तसं काही नसते."

तेव्हाही मी एवढंच बोललो.

तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. शेवटचे आठ महिने आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचो. चार तास मी तिच्या बाजूला स्टुलावर बसायचो. एका दिवशी ती जागी होती, बोलत होती, जवळ कोणी नव्हतं. मी म्हणालो, "नंदा, लुधियानाचं एक सांगायचं होतं."

तिनं डोळे मिटले. "नका काढू. तुम्हाले त्रास होते."

"नाही, पण..."

"तुम्ही त्या माणसाले कधी एक शब्द नाही बोलले. मी एवढं बोलली, तुम्ही नाही बोलले. तुमचं मन मोठं आहे. माहं नाही." आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला. त्या हाताला सुई टोचलेली होती, म्हणून मला तो हलवता आला नाही.

गेल्या वर्षी माघात ती गेली. तेराव्याला घरी लोक जेवत होते. मुलगा आत येऊन म्हणाला, "बाबा, बाहेर एक म्हातारे गृहस्थ आहेत. आत या म्हटलं तर येत नाहीत."

मी खिडकीतून पाहिलं. आष्टनकर साहेब फाटकाबाहेर काठी टेकून उभे होते. एक्याऐंशी वर्षांचे असतील. सोबत कोणी नव्हतं. ऑटो थांबवून ठेवला होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, ताईंनी आत यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, मी इथूनच नमस्कार करतो. कोण आहेत ते?"

"आमच्या ऑफिसातले."

"तुम्ही येता का बाहेर?"

मी म्हणालो, "पंगत बसली आहे. नंतर भेटतो त्यांना." मुलगा वाढायला गेला. मी खिडकीजवळच उभा राहिलो. साहेबांनी काठी काखेत धरून दोन्ही हात जोडले, घराकडे पाहून मान वाकवली आणि ऑटोत बसले.

ते त्रिमूर्तीनगरला धाकट्या मुलाकडे राहतात. माझ्या घरून वीस मिनिटं लागतात. पत्ता मी उरकुडेकडून घेतला आहे, घराला निळं फाटक आहे म्हणतो. त्यांचे कान चांगले आहेत, माणूस ओळखतात, असंही तो म्हणाला. मला त्यांना एवढंच सांगायचं आहे की मला बुधवारीच समजलं होतं, आणि गाडीला वेळ होता. हे तेहतीस वर्षं त्यांना कोणी सांगितलेलं नाही. नंदाला जाऊन आता चौदा महिने झाले. मी अजून त्यांच्याकडे गेलेलो नाही.